सुरांचा सातबारा कोणाच्या नावावर?

१

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा हलगी फार उत्तम वाजवितो, हे मला ठाऊक होते. इस्लामपूरच्या आसपासच्या जत्रांतून, कुस्तीच्या मैदानांतून मी त्याला ऐकले होते. कार्यक्रमात हलगी वाजव, असे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, दुसरं काय बी सांगा. हलगी हातात घेतली की पोरं मला नावानं हाक मारीत न्हाईत.’’ पुढचे तो बोलला नाही. बोलण्याची गरज नव्हती.

त्याच संमेलनात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने गिटारवर एक स्पॅनिश ढंगाची धून वाजविली. सभागृहाने टाळ्या वाजविल्या, शिट्या मारल्या. वाजविणाऱ्याचे बोट चार ठिकाणी चुकले, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्या धुनीला कोणी जात विचारली नाही. मला मात्र विचारावीशी वाटली. हा लेख म्हणजे त्या धुनीची जात विचारण्याचा प्रयत्न आहे.

माझे आजोबा हलगी वाजवीत. जत्रा, वरात, कुस्ती, अंत्ययात्रा, दवंडी अशा गावाच्या प्रत्येक प्रसंगी त्यांना बोलावणे येई. वाजविणे ही त्यांची कला होती आणि त्यांच्यावरचा हुकूमही होता. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवीत. अंगावर जरीच्या पट्ट्यांचा कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी. पण जेवायची पंगत सर्वांत शेवटची, आणि तीही मांडवाबाहेर. माझ्या हातात त्यांनी ना हलगी दिली, ना क्लॅरोनेट. पुस्तक दिले. त्यांच्या त्या निर्णयामुळे मी आज खुर्चीवर बसून हे लिहीत आहे. म्हणूनच हलगी नाकारणाऱ्या त्या मुलाला ‘आपली लोककला जप’ असा उपदेश करण्याचा मला अधिकार नव्हता. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न मनातून जाईना. आवाज निर्माण करतो एक आणि त्या आवाजाचा मानमरातब जातो दुसऱ्याकडे, हे केवळ आपल्याच गावकुसाबाहेर घडते काय?

२

ज्याला आज जगभर ‘स्पॅनिश ढंग’ म्हणतात त्याची मोठी पेठ स्पेनमध्ये नव्हे, पॅरिसमध्ये भरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच संगीतकारांना स्पेनचे वेड लागले. त्यातून व्हायोलिनसाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी कितीतरी चमकदार रचना निघाल्या. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपल्याकडे गणपतीत होतो तो सिनेगीतांचा कार्यक्रम नव्हे. साठ ते शंभर वादक, तंतुवाद्ये, लाकडी व पितळी फुंकवाद्ये, तालवाद्ये, प्रत्येकासमोर लिहिलेले स्वरलेखन आणि सर्वांना हाताच्या इशाऱ्याने चालविणारा एक संचालक, असा तो संच असतो.

या लाटेच्या मध्यभागी उभा होता पाब्लो दे सारासाते (१८४४–१९०८) हा व्हायोलिनवादक. जन्म स्पेनमधील पाम्प्लोनाचा. बाप लष्करी बँडचा प्रमुख. बँडवाल्याचा मुलगा म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे कबूल करतो. बापाकडून पहिले धडे घेऊन हा मुलगा बाराव्या वर्षी पॅरिसच्या संगीतविद्यालयात गेला आणि पुढे सारा युरोप त्याच्या वादनाने भारला गेला. सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने १८६३ साली त्याच्यासाठी ‘इंट्रोडक्शन आणि रोंदो काप्रिचियोसो’ लिहिले. एदुआर लालोने १८७४ साली ‘सिम्फनी एस्पान्योल’ लिहिली. ती पुढच्या वर्षी सारासातेनेच पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजविली. सारासातेने स्वतः १८७८ साली ‘झिगॉयनरवायझन’, म्हणजे ‘जिप्सी सुरावटी’, ही रचना केली आणि नंतर बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरातील चालींवर आपली प्रसिद्ध ‘कार्मेन फँटसी’ बांधली. १९०४ साली त्याने केलेली काही ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात.

या रचनांत वादकाची करामत दाखविणे हा उघड हेतू असतो. गज तारेवरून उड्या मारीत जातो. उजव्या हाताने गज चालू असतानाच डाव्या हाताची बोटे तार खुडतात. दोन तारा एकदम वाजतात. तारेला दाबण्याऐवजी नुसता स्पर्श करून शिटीसारखा बारीक सूर काढतात. यांतील बऱ्याच करामती व्हायोलिनला व्हायोलिन राहू देत नाहीत. तिला कधी गिटार व्हायचे असते, कधी नाचणारीच्या हातातील लाकडी चिपळ्या, तर कधी चिरक्या गळ्याने आळविणारा गवई. ऑर्केस्ट्राचेही तेच. शाब्रिए १८८२ साली स्पेनमध्ये हिंडला, नाचांचे ठेके वहीत टिपून आणले आणि १८८३ साली ‘एस्पान्या’ वाजवून रातोरात नाव मिळविले. रशियाच्या रिम्स्की-कोर्साकोव्हने १८८७ साली ‘काप्रिचियो एस्पान्योल’ लिहिले, त्यात वादकांनी तारा ‘गिटारसारख्या’ छेडाव्यात अशी सूचनाच लिहून ठेवली आहे. बिझे तर स्पेनमध्ये कधी गेलाच नाही.

हा ‘स्पॅनिश’पणा कानाला ओळखू येतो तो कशाने? ठेक्याने तर येतोच. पण एका विशिष्ट स्वरपंक्तीनेही येतो. षड्जाच्या डोक्यावर कोमल रिषभ बसलेला असतो आणि चाल वरून घसरत घसरत त्या रिषभावर घुटमळून षड्जावर पडते. पाश्चात्त्य लोक या स्वरपंक्तीला फ्रिजियन म्हणतात. आपल्या कानाला ती भैरवी थाटाची वाटते, कारण तिचे स्वर तेच आहेत. एवढ्यावरून ‘आमची भैरवी तिकडे गेली’ असा जयघोष करण्याचे कारण नाही. सारखे स्वर दोन ठिकाणी स्वतंत्रपणे येऊ शकतात. तिकडे नक्की काय गेले, ते याहून महत्त्वाचे आहे. माणसे गेली.

३

स्पेनमधील जिप्सींना ‘गितानो’ म्हणतात. ते रोमा लोकांची एक शाखा. रोमांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे, हे भाषाशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. तिच्यात पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, माणसाला मनुष आणि काळ्याला कालो म्हणतात. गितानो स्वतःला ‘काले’ म्हणवितात, म्हणजे काळे! ‘रोम’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ ‘डोम’ या शब्दाशी जोडतात. डोम म्हणजे उत्तर भारतात वाजंत्री, बुरूडकाम, स्मशानातील कामे ज्यांच्या माथी मारली गेली ती अस्पृश्य जात. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी निघालेले हे सारे लोक एकाच जातीचे होते असे म्हणता येणार नाही, त्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात युरोपातील रोमांच्या पितृवंशाचे धागे वायव्य भारतातील अनुसूचित जाती-जमातींशी जुळतात, असा निष्कर्ष काढला आहे.

स्पेनच्या भूमीवर त्यांची पहिली नोंद १४२५ सालची आहे. ती राजाने दिलेल्या प्रवासाच्या परवान्याची आहे. १४९९ साली त्यांच्याविरुद्ध पहिला मोठा कायदा झाला. साठ दिवसांत कोणा धन्याच्या पदरी स्थिर व्हा, नाहीतर देश सोडा. न ऐकल्यास फटके, मग कान कापणे, मग जन्माची गुलामी. पुढच्या कायद्यांनी त्यांची भाषा आणि पेहराव यांवरही बंदी घातली. ३० जुलै १७४९ रोजी एकाच रात्री देशभर छापे घालून सुमारे नऊ हजार गितानोंना धरण्यात आले. पुरुषांना गोदीत आणि खाणीत राबायला धाडले, बायकामुलांना वेगळे कोंडले. पुढे विसाव्या शतकात हिटलरच्या राजवटीने युरोपातील काही लाख रोमा मारले.

हा इतिहास वाचताना वाळवा-शिराळ्याच्या वाचकाला परकेपणा वाटणार नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरविले. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पोलिसांच्या डोक्यातून तो अजून पुरता गेलेला नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ज्याने वाचली आहे, त्याला हजेरीचा जाच काय असतो ते नव्याने सांगायला नको.

या गितानोंपैकी पुष्कळ लोक लोहारकी करीत, जनावरांचा व्यापार करीत, शेतात राबत आणि गात, नाचत. ऐरणीवरच्या घणाच्या ठोक्यावर म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या गाण्याला ‘मार्तिनेते’ असे नाव आहे. अंदालुसिया प्रांतात गितानो, तेथील शेतमजूर आणि अरबी अंमलाचा वारसा सांगणारे संगीत यांच्या सरमिसळीतून ‘फ्लामेंको’ घडला. सारे स्पॅनिश संगीत गितानोंचे नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. शाब्रिएने घेतलेला ‘होता’ हा नाच शेतकऱ्यांचा आहे. परंतु पॅरिसच्या श्रोत्याने ज्या आवाजाला ‘खरा स्पेन’ मानले, त्या आवाजात गावकुसाबाहेरच्या या माणसांचा वाटा फार मोठा होता. ज्यांचे कान कापण्याचे कायदे झाले, त्यांच्याच आवाजाने राष्ट्राची ओळख ठरली.

४

आता ‘कार्मेन’कडे वळू. प्रॉस्पेर मेरिमे या फ्रेंच लेखकाने १८४५ साली एक दीर्घकथा लिहिली. तिच्यावरून बिझेने केलेला ऑपेरा ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसमध्ये रंगभूमीवर आला. नायिका कार्मेन ही गितानो आहे, आणि सेव्हिलच्या तंबाखू कारखान्यात विड्या वळणारी कामगार स्त्री आहे. पहिल्याच अंकात कारखान्याची घंटा होते आणि विड्या ओढीत बायकांचा घोळका बाहेर येतो. त्या भांडतात, हसतात, शिपायांना जुमानत नाहीत. कार्मेन आपल्या मनाने प्रेम करते, मनाने सोडते, आणि शेवटी सुरी समोर दिसत असतानाही परत येण्यास नकार देते. सभ्य कुटुंबांनी लग्नाच्या बोलाचाली करण्यासाठी यायचे ते नाट्यगृह; प्रेक्षक बिथरले. तीन महिन्यांत बिझे वारला. आपला ऑपेरा जगभर वाजणार आहे, हे त्याला कळले नाही.

हे वाचताना मला निपाणी आठवते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी संघटना उभी केली. ‘युगांतर’ या गटाने त्यांच्या लढ्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा चित्रपट काढला. तंबाखूच्या धुळीने भरलेली छाती आणि तरीही मुकादमाच्या डोळ्याला डोळा भिडविणारी बाई ही सेव्हिलचीही होती आणि निपाणीचीही.

पण सारासातेच्या ‘कार्मेन फँटसी’त काय उरते? चाली उरतात, अवघड उड्या उरतात, टाळ्या उरतात. कारखाना गळतो, विडी गळते, बाई गळते. सारासातेने काही गुन्हा केला असे मला म्हणायचे नाही. शब्द नसलेल्या वाद्याला एवढेच शक्य होते. परंतु शब्द गळाले की ज्यांचे दुःख होते ते ओळखू येत नाहीत, आणि तेव्हाच ते संगीत दिवाणखान्यात बसायला योग्य ठरते, ही गोष्ट आपण नोंदवून ठेवली पाहिजे. लावणीच्या चालीवर ताल धरणाऱ्या दिवाणखान्यांना फडावरची बाई शेजारी नको असते, ती याच नियमाने.

‘कार्मेन’मधील सर्वांत गाजलेले गाणे ‘हाबानेरा’. ही चाल लोकांतली आहे, धन्याविना आहे, असे बिझे समजत होता. नंतर कळले की ती सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराची आहे. तेव्हा छापील संहितेत तसा उल्लेख घालावा लागला. इरादिएरचे नाव लागले, ठीक झाले. पण हाबानेराचा ठेका इरादिएरचाही नाही. तो क्यूबातील हवाना शहरावरून नाव घेऊन आला, आणि तेथे तो घडला आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेल्या गुलामांच्या व त्यांच्या वंशजांच्या हातून. त्यांचे नाव कोठे घालायचे?

आपल्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव ठळक असते आणि कुळाचे नाव ‘इतर हक्कां’च्या रकान्यात असते. तेही असले तर. सुरांचा सातबारा असाच लिहिला गेला आहे. गितानो आणि गुलाम हे या संगीताचे कूळ; मालकाच्या रकान्यात ज्याच्या हाती स्वरलेखनाची लेखणी होती त्याचे नाव.

५

यावर कोणी म्हणेल की कुळाचा मान राखणारेही संगीतकार झाले. झाले. मान्युएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराने आणि कवी लोर्का याने जून १९२२मध्ये ग्रानादा येथे ‘खोल गाण्या’ची स्पर्धा भरविली. गितानोंचे जुने गाणे बाजारू होऊन मरत आहे, ते वाचवावे, हा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. मात्र नियम असा केला की गाण्यावर पोट भरणाऱ्या व्यावसायिकांना प्रवेश नाही! गाणे शुद्ध हवे, म्हणून गाणाऱ्याने गाण्यावर पोट भरायचे नाही.

शुद्धतेचा हा आग्रह आपल्या ओळखीचा आहे. तमाशा ‘सुधारण्या’साठी आपल्याकडे पुष्कळांनी कंबर कसली. त्याचा गौरवही झाला, पुरस्कारही दिले गेले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हाची हलाखी महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचली. आज त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. कला जिवंत ठेवायची आणि कलावंताचे काय झाले ते विचारायचे नाही, हा जो संस्कृतिरक्षणाचा प्रकार आहे, त्यापासून आपण सावध राहिले पाहिजे.

अण्णाभाऊंचा मार्ग वेगळा होता. त्यांनी तमाशाला संग्रहालयात ठेवले नाही. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढून त्यांनी तमाशातील गण कामगाराला वाहिला, वगात सावकार आणि गिरणीमालक उभे केले. वाद्ये तीच, हात तेच; फक्त ती कोणासाठी वाजवायची हा निर्णय वाजविणाऱ्याने घेतला.

६

व्हायोलिन मुंबईत कशी आली, हीही याच सातबाऱ्याची एक नोंद आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. तो मुख्यतः शहरातील मूठभर जाणकारांचा होता. पुढे २००६ साली एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तेथे हे पाश्चात्त्य संगीत रीतसर ऐकता येते. पण ज्या व्हायोलिनी इस्लामपूरच्या एसटी स्टँडवरच्या हॉटेलात रेडिओतून आमच्यापर्यंत पोहोचल्या, त्या वेगळ्या लोकांनी वाजविलेल्या होत्या. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. गरिबाच्या मुलालाही तेथे स्वर वाचायला येई. हीच मुले पुढे पोटासाठी मुंबईत आली, हॉटेलांतून वाजवू लागली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत रांगांनी बसली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळाचे अंग दिले. तबकड्यांवर नाव संगीत दिग्दर्शकाचे छापले जाई.

अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. जन्म १९२७, गोव्यातील माजोर्डा गाव. प्यारेलाल यांनी व्हायोलिन त्यांच्याकडून शिकली. १९५८ साली त्यांनी मुंबईत वाद्यवृंद उभा करून त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणण्याचे त्यांचे स्वप्न होते. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात त्यांचे नाव घरोघर पोहोचले. ती शिष्याने गुरूला दिलेली दक्षिणा होती. पण ऐकणाऱ्या देशाला वाटले की हे नाव कल्पित आहे. २०१२ साली ते वारले.

तरीही गोव्याच्या या वादकांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. त्यांना स्वर लिहिता-वाचता येत होते. त्या एका कौशल्यामुळे त्यांना मुंबईत काम मिळाले, युनियन करता आली, मोल मागता आले. माझ्या वडिलांच्या बँडमध्ये कोणालाही स्वरलेखन येत नव्हते. शेकडो गाणी तोंडपाठ होती, आणि त्यांचा पुरावा एकही नव्हता.

७

शेवटी मोरिस राव्हेलच्या ‘बोलेरो’विषयी सांगतो. राव्हेल फ्रेंच, जन्म स्पेनच्या सीमेलगत सिबूर गावी १८७५ साली, आई बास्क. ‘बोलेरो’ २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसमध्ये इदा रुबिन्स्टाइन हिच्या नृत्यासाठी पहिल्यांदा वाजला. त्याची रचना अगदी साधी आहे. एक लहान ढोल, ज्याला आपले बँडवाले साइड ड्रम म्हणतात, अगदी हळू सुरू होतो. दोन मात्राखंडांचा एक ठेका, त्यात चोवीस टिपऱ्या. हा ठेका १६९ वेळा न बदलता येतो. सुमारे पंधरा मिनिटांत चार हजारांवर टिपऱ्या पडतात. त्याच्यावर दोनच सुरावटी आलटून पालटून येतात. प्रथम बासरी, मग क्लॅरोनेट, पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, शेवटी सारा वाद्यमेळ. आवाज चढत जातो, ढोल मात्र आपली लय सोडीत नाही. राव्हेलला यंत्रांचे आकर्षण होते. या नृत्यामागे कारखान्याचे दृश्य असावे, अशी त्याची कल्पना होती.

मी हे मोबाइलवर वडिलांना ऐकविले. क्लॅरोनेट आली तेव्हा त्यांची बोटे मांडीवर हलली. पण ऐकून झाल्यावर ते क्लॅरोनेटविषयी बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘त्या ढोलवाल्याला पानी तरी पाजलं का रं कुणी?’’ मी हसलो; ते हसले नाहीत. वरातीत पाच-पाच तास हलगी वाजविणाऱ्या बापाचा तो मुलगा होता. साऱ्या वाद्यमेळाचा भार कोणाच्या मनगटावर आहे, ते त्याला बरोबर कळले होते.

या ‘बोलेरो’चा सातबारा खरोखरच न्यायालयात गेला. राव्हेलला मूलबाळ नव्हते. रचनेचे मानधन मात्र दशकानुदशके मिळत राहिले आणि भावाकडून पुढे भलत्याच वारसांकडे गेले. फ्रान्समध्ये ही रचना २०१६ साली सर्वांसाठी खुली झाली. तेव्हा त्या पहिल्या प्रयोगाचा नेपथ्यकार हाही सहनिर्माता होता, म्हणून हक्काची मुदत वाढवावी, असा दावा लावण्यात आला. २०२४ साली नांतेरच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि राव्हेल हाच एकमेव कर्ता ठरविला. निकाल कायद्याने योग्यच असेल. पण ज्या नाचाचे नाव या रचनेने घेतले, तो नाच आणि त्याची लय पिढ्यान् पिढ्या ज्यांनी पायांनी घडविली, त्यांच्या वतीने त्या न्यायालयात कोणी उभे नव्हते. उभे राहणार कसे? त्यांच्याकडे कागद नव्हता.

मग हलगी वाजवायची की सोडायची? माझे उत्तर असे आहे. जी हलगी हुकमाने वाजत होती ती सोडलीच पाहिजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकीची वतने संपली, त्यामागे हाच विचार होता: माणसाचे कौशल्य आणि माणसाची गुलामी यांची गाठ तोडणे. गाठ तुटल्यावर कौशल्य फेकून द्यावे असे त्यात कोठेही नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्याच्या गळ्यात हलगी आहे; ती भूमिका करणारा मुलगा त्यांना सापडला तोच हलगी वाजविताना. त्यांच्याच ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सिम्फनी ऑर्केस्ट्राचे वादन मुद्रित केले. तेथे व्हायोलिनींनी हलगीला खाली बसविले नाही. कारण लेखणी आणि कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात होता.

रोमा लोकांनीही हा मार्ग धरला आहे. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. त्यांच्या झेंड्यात वर निळा रंग आहे, खाली हिरवा, आणि मध्ये सोळा आऱ्यांचे तांबडे चक्र. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हंगेरीत शायोकाझा या गावी रोमा कार्यकर्त्यांनी २००७च्या सुमारास काढलेल्या शाळेला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. त्यांच्या संघटनेचे नाव ‘जय भीम’ असे आहे. नाच-गाण्यासाठी आम्हांला बोलावता, शाळेत मात्र वेगळ्या बाकावर बसविता, हा त्यांचा सवाल आहे. तो मराठीत भाषांतर न करताही कळतो.

दलित साहित्याने शब्दांच्या बाबतीत जे केले ते सुरांच्या बाबतीत अजून व्हायचे आहे. आपले जगणे आपण लिहिले म्हणून ते आपल्या नावावर लागले. आपले ठेके अजून कोणाच्याच नावावर नाहीत. म्हणून ते उद्या कोणाच्याही नावावर लागतील.

त्या मुलाने संमेलनात हलगी वाजविली नाही. मीही पुन्हा आग्रह केला नाही. मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला एक दोनशेपानी वही दिली आणि गावोगावच्या म्हाताऱ्या हलगीवाल्यांना भेटायला सांगितले. कुस्तीचा ठेका कोणता, वरातीचा कोणता, देवीचा कोणता, मयताचा कोणता, हे बोल लिहून घे, मोबाइलवर वाजविणे भरून घे. वहीतले रकाने त्याने स्वतः आखले आहेत. परवा दाखवायला आणली होती. पहिल्या रकान्यात ठेक्याचे नाव असेल असे मला वाटले होते. पहिल्या रकान्यात वाजविणाऱ्याचे पूर्ण नाव आहे.